न्यायसहायक मानसशास्त्र : फौजदारी खटल्यांतील तज्ज्ञ साक्ष

फौजदारी खटल्यात आरोपीची मनःस्थिती, साक्षीदाराच्या स्मृतीची विश्वसनीयता किंवा कबुलीजबाबामागील दडपण यांविषयी मानसशास्त्रज्ञाने न्यायालयापुढे दिलेले मत. इतर साक्षीदारांनी पाहिले-ऐकले तेवढेच सांगायचे असते. तज्ज्ञाला निष्कर्ष मांडण्याची मुभा असते, मात्र तो न्यायालयावर बंधनकारक नसतो.

या प्रथेचा आरंभ कोठून मानावा याविषयी मतभेद आहेत. लंडनमधील मॅक्‌नॉटन खटल्यात (1843) आरोपीच्या वेडेपणाविषयी साक्षी झाल्या, पण त्या डॉक्टरांच्या होत्या. अनेक अभ्यासक म्यूनिक येथील 1896 च्या खून खटल्याकडे बोट दाखवतात. खटल्यापूर्वी वृत्तपत्रांत आलेल्या मजकुरामुळे स्वतः पाहिलेले कोणते आणि वाचलेले कोणते हे साक्षीदारांना वेगळे करता येत नाही, असे श्रेंक-नोट्झिंग यांनी तेथे प्रतिपादन केले. तेही शिक्षणाने वैद्यच असल्याने काहींचा कल बेल्जियमचे मानसशास्त्रज्ञ व्हारेंडोंक यांच्याकडे आहे. बालसाक्षीदारांवर कितपत विसंबावे हे दाखवण्यासाठी त्यांनी 1911 च्या सुमारास शाळकरी मुलांना एका शिक्षकाच्या दाढीचा रंग विचारला. शिक्षकाला दाढी नव्हतीच, तरी लहान मुलांपैकी बहुतेकांनी रंग सांगितला. साक्ष देणाऱ्याच्या पदवीपेक्षा साक्षीचा विषय प्रमाण धरल्यास 1896 हेच वर्ष अधिक सयुक्तिक वाटते.

अमेरिकेत मानसशास्त्रज्ञ म्युन्स्टरबर्ग यांनी 1908 मध्ये न्यायालयांनी मानसशास्त्राची दखल घ्यावी असा आग्रह धरला. विधिज्ञ विगमोर यांनी पुढच्याच वर्षी त्याचा उपरोधाने समाचार घेतला. वैद्यकीय पदवी नसलेल्या मानसशास्त्रज्ञालाही मनोविकाराविषयी साक्ष देता येते, ही भूमिका जेंकिन्स खटल्यातील निकालाने (1962) बळकट झाली. मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेचा तिला विरोध होता.

साक्षीच्या ग्राह्यतेसाठी अमेरिकेतील फ्राय निकालाने (1923) संबंधित शास्त्रातील सर्वसाधारण मान्यता ही कसोटी घातली, तर डॉबर्ट निकालाने (1993) पद्धत पडताळता येते का आणि तिच्यातील चुकांचे प्रमाण किती, हे प्रश्न पुढे आणले. सामान्य माणसाच्या अनुभवात बसणाऱ्या बाबींसाठी तज्ज्ञाची गरज नाही, असे इंग्लंडमधील टर्नर निकाल (1975) सांगतो.

तज्ज्ञाचे मत मुलाखती, मानसिक चाचण्या आणि पूर्वीच्या उपचारांची कागदपत्रे यांवर आधारलेले असते. आरोपी ढोंग करत आहे का, हे ताडण्यासाठी काही चाचण्यांत स्वतंत्र मापिका असतात. मात्र चाचणी आजची अवस्था दाखवते आणि न्यायालयाला गुन्ह्याच्या क्षणाची मनःस्थिती हवी असते. उलटतपासणीचा रोख बहुधा याच अंतरावर असतो. गुन्ह्यास आवश्यक असा हेतू आरोपीच्या मनात होता की नव्हता, या अंतिम प्रश्नावर मत देण्यास अमेरिकेच्या संघीय न्यायालयांत 1984 पासून तज्ज्ञाला मनाई आहे.