बडोदेकरांनो, जुन्या कागदी शेअर्सचा अर्ज परत का येतो ते आधी बघा

कंपन्यांचं शेअरहोल्डरशी बोलणं आता जवळजवळ सगळं ऑनलाइन झालंय. २०२० पासून एजीएम म्हणजे वार्षिक सभा व्हिडिओवर व्हायला लागल्या, मत ई-व्होटिंगने पडतं, अ‍ॅन्युअल रिपोर्ट ईमेलने येतो, आणि कंपनीच्या वतीने शेअरचं रजिस्टर सांभाळणारे जे आरटीए असतात त्यांची पोर्टलं आलीत. केफिनचं केप्रिझम आहे, पूर्वीची लिंक इनटाइम म्हणजे आताची एमयूएफजी इनटाइम, तिचं स्वयम् आहे. सोय खरंच चांगली आहे. पण आत शिरायला ओटीपी लागतो, तो फोलिओत म्हणजे रजिस्टरमधल्या तुमच्या खात्यात नोंदवलेल्या मोबाइलवर जातो, आणि ज्या फोलिओची शेवटची नोंद दांडिया बाजारातल्या जुन्या वाड्याच्या पत्त्यावर झालेली आहे त्यात मोबाइल नंबर असणार कुठून? मग मुलगा किंवा सून पोर्टलवर तासभर खटपट करते आणि शेवटी सगळे म्हणतात जाऊदे. जाऊ देऊ नका, म्हणूनच हे लिहितोय.

हे कोणासाठी, तर ज्यांच्याकडे अजून कागदी सर्टिफिकेटं आहेत, ज्यांचे आई-वडील ती मागे ठेवून गेलेत, किंवा ज्यांचे शेअर आयईपीएफ या सरकारी निधीत गेलेत त्यांच्यासाठी. आपल्याकडे अशी घरं पुष्कळ आहेत. अलेम्बिक, जीएसएफसी, गुजरात अल्कली, आयपीसीएल, कुणी नोकरीत असताना घेतले, कुणी पब्लिक इश्यूत भरले, आणि कपाटात ठेवून दिले.

आणि कागद जुना झाला म्हणून किंमत गेली असं समजू नका. आयपीसीएलचंच घ्या, ती कंपनी २००७ मध्ये रिलायन्समध्ये विलीन झाली, पाच शेअरला रिलायन्सचा एक असं प्रमाण होतं. म्हणजे ५० शेअरचे १० झाले, २००९ च्या बोनसने २०, २०१७ च्या बोनसने ४०, २०२३ मध्ये त्यावर जिओ फायनान्शियलचे ४० वेगळे, आणि २०२४ च्या बोनसने रिलायन्सचे ८०. आयपीसीएलचं सर्टिफिकेट आज बाजारात चालणार नाही पण त्यामागचा हक्क चालतो, आणि त्यासाठी पत्र रिलायन्सच्या आरटीएला म्हणजे केफिनला लिहायचं.

आता पहिली पायरी, केवायसी. हिच्याशिवाय पुढचं काहीच हलत नाही. फॉर्म आयएसआर-१ मध्ये पॅन, पत्ता, मोबाइल, बँक खातं. आयएसआर-२ मध्ये बँकेकडून सहीची खात्री. नॉमिनेशनसाठी एसएच-१३, आणि नॉमिनी नकोच असेल तर आयएसआर-३. फॉर्म आरटीएच्या वेबसाइटवर फुकट मिळतात. पॅन आधारशी जोडलेलं हवं, ते आधी तपासा. जॉइंट होल्डर असतील तर सगळ्यांचे कागद आणि सगळ्यांच्या सह्या, फक्त पहिल्या नावाच्या नाही.

सगळ्यात जास्त अडतं ते आयएसआर-२ वर. बँकेत गेलं की काउंटरवरचा माणूस म्हणतो आम्ही असं काही देत नाही, कारण त्याने तो फॉर्म कधी बघितलेलाच नसतो. वाद घालू नका, सरळ ब्रँच मॅनेजरकडे जा, पासबुक आणि चेकबुक बरोबर ठेवा, आणि शांतपणे सांगा की हा शेअरबाजारावर देखरेख करणाऱ्या सेबीने ठरवून दिलेला नमुना आहे, बँकेवर कसलीही जबाबदारी येत नाही, तुमच्या रेकॉर्डमधली सही आणि ही सही जुळते एवढंच लिहून द्यायचंय. बरं, सही-शिक्का मिळाला तरी तिथल्या तिथे फॉर्म वाचा. गोल शिक्का असतो, सही असते, पण अधिकाऱ्याचं नाव आणि एम्प्लॉयी कोड हे रकाने कोरे राहतात, कधी तारीखच नसते. तेवढ्यावरून फॉर्म परत येतो आणि वयस्कर माणसाला पुन्हा रिक्षा करून बँकेत जावं लागतं, फार वाईट वाटतं बघून. सोबत मूळ कॅन्सल्ड चेक लावा आणि त्यावर नाव छापलेलं हवं. नाव नसलेलं चेकबुक असेल तर बँकेने अटेस्ट केलेलं पासबुकाचं पान किंवा स्टेटमेंट द्या. आणि देना किंवा विजया बँकेचं जुनं खातं असेल तर त्या २०१९ मध्ये बँक ऑफ बडोदामध्ये गेल्या, फॉर्मवर आताचाच खाते क्रमांक आणि आताचाच आयएफएससी लिहा, जुन्या पासबुकावरून उतरवू नका.

दुसरी अडचण नावाची, आणि ही आपल्या बडोद्याची खास आहे. सर्टिफिकेटवर ‘सुमतीबेन वसंतराव जोशी’, पॅनवर ‘सुमती वसंत जोशी’, आधारवर ‘जोशी सुमती व्ही’. आपल्याला माहीत आहे तिन्ही एकच काकू आहेत, पण आरटीएच्या ऑफिसात बसलेल्याने ते कशावरून मानायचं? असा किरकोळ फरक असेल तर पासपोर्ट, ड्रायव्हिंग लायसन्स, फोटो असलेलं सरकारी ओळखपत्र असा एखादा जादा पुरावा स्वतः सही करून लावायचा, तो चालतो. माहेरचं नाव असेल तर लग्नाचं सर्टिफिकेट लागतं, आणि १९६०-७० च्या सुमाराला लग्न झालेल्या किती जणींकडे ते असणार! अशा वेळी अंदाजाने कागद पाठवत बसू नका, आरटीएला आधी लेखी विचारा की याऐवजी नक्की काय चालेल, त्यांचं उत्तर जपून ठेवा आणि तेच अर्जाला जोडा.

सहीचंही तसंच. शेअर घेतले तेव्हा मराठीत सही करत होता आणि आता इंग्रजीत करता, किंवा हात थरथरतो म्हणून सही बदलली, तर जुनी सही आठवून काढायचा प्रयत्न करू नका. आताची जी बँकेत चालते तीच सगळीकडे करा, बँकेचं अटेस्टेशन त्यासाठीच असतं.

आणि हे नीट ऐका, स्कॅन करून नुसता ईमेल केलेला अर्ज धरत नाहीत. रस्ते तीनच: स्वतः जाऊन मूळ कागद दाखवायचे, किंवा प्रत्येक झेरॉक्सवर सही आणि तारीख टाकून पोस्टाने पाठवायचं, किंवा ऑनलाइन पाठवायचं तर ई-साइन करून. झेरॉक्सवर तारीख राहिली म्हणूनही अर्ज परत आलेत. ई-साइन आधारच्या ओटीपीवर चालते म्हणून आधारला चालू मोबाइल नंबर जोडलेला हवा, आणि पुष्कळ ज्येष्ठांचा तो कधीचा बंद पडलेल्या नंबरवरच असतो. त्यांच्यासाठी स्पीड पोस्टच बरं, पावती सांभाळून ठेवा.

केवायसी झालं नाही तर काय बिघडतं? १ एप्रिल २०२४ पासून कागदी फोलिओचा डिव्हिडंड फक्त थेट बँकेत जमा होतो, आणि केवायसी अपुरं असेल तर अडवून ठेवतात. पूर्वी वॉरंट, म्हणजे डिव्हिडंडचा चेकसारखा कागद, घरी यायचं तसं आता येणार नाही, वाट बघू नका.

आता तारखांचा गोंधळ. ‘कागदी शेअर ६ जानेवारी २०२६ पर्यंत डिमॅट म्हणजे इलेक्ट्रॉनिक नाही केले तर संपले’ असा मेसेज व्हॉट्सअ‍ॅपवर फिरत होता आणि लोक घाबरून एजंटकडे धावले. ती तारीख होती सेबीने दिलेल्या एका खास मुदतीची, ती ७ जुलै २०२५ ला उघडली होती ती एकाच प्रकारासाठी, ज्यांनी दुसऱ्याकडून घेतलेल्या शेअरचं ट्रान्सफर डीड, म्हणजे शेअर नावावर करायचा फॉर्म, १ एप्रिल २०१९ च्या आधी कंपनीकडे दिलं होतं आणि ते त्रुटीमुळे परत आलं होतं. तुमचं नाव सर्टिफिकेटवर आधीपासून असेल तर त्या तारखेशी तुमचा काही संबंध नव्हता. कागदी शेअर १ एप्रिल २०१९ पासून विकता येत नाहीत हे खरं, पण मालकी तुमचीच आहे आणि डिमॅट करायला शेवटची तारीख नाही.

खरी मुदत आहे ती लेटर ऑफ कन्फर्मेशनची. डुप्लिकेट किंवा वारसाच्या अर्जावर ज्यांना सर्टिफिकेटऐवजी हे पत्र आलेलं आहे त्यांना पत्राच्या तारखेपासून १२० दिवसांत डिमॅटचा अर्ज ब्रोकर किंवा बँकेकडे द्यावा लागतो. पत्र हातात पडलं त्या दिवसापासून नाही, पत्रावरच्या तारखेपासून! मुदत गेली तर शेअर कंपनीच्या सस्पेन्स खात्यात जातात, बुडत नाहीत पण परत नवी पत्रापत्री. डिमॅट खातं त्याच नावांचं हवं, एकट्याच्या खात्यात जॉइंट शेअर येत नाहीत.

मग ती सात वर्षं. डिव्हिडंड सात वर्षं घेतला नाही तर तो आयईपीएफमध्ये जातो, आणि सलग सात वर्षांचा एकही घेतला नसेल तर शेअरसुद्धा जातात. सलग हा शब्द लक्षात ठेवा, मधला एक डिव्हिडंड जरी खात्यात आला असेल तर शेअर जायला नको होते, जुनं पासबुक काढून बघा. शेअर हलवण्यापूर्वी कंपनी तीन महिने आधी पत्र पाठवते आणि पेपरात जाहिरात देते, पण पत्र जातं पाडलेल्या वाड्याच्या पत्त्यावर आणि जाहिरात पानाच्या कोपऱ्यात. शेअर तिकडे गेले तरी परत मागता येतात आणि त्याला कालमर्यादा नाही, आयईपीएफच्या साइटवर नाव टाकून शोधताही येतं.

परत मागताना क्रम चुकवू नका, बहुतेक लोक सरळ आयईपीएफ-५ हा मागणीचा फॉर्म भरतात आणि अर्ज नाकारला जातो. आधी कंपनीकडून किंवा आरटीएकडून एंटायटलमेंट लेटर, म्हणजे हक्क तुमचाच असल्याचं पत्र, घ्यायचं, त्यासाठी वरचं सगळं केवायसी लागतंच, मग ऑनलाइन आयईपीएफ-५, त्याला फी नाही. त्यानंतर प्रिंट, पोचपावती, इन्डेम्निटी बाँड (नुकसानभरपाईचं हमीपत्र), रेव्हेन्यू स्टॅम्प लावून सही केलेली आगाऊ पावती, मूळ सर्टिफिकेट, डिमॅटची क्लायंट मास्टर लिस्ट (खात्याच्या तपशिलाचा कागद) हे सगळं कंपनीने या कामासाठी नेमलेल्या नोडल ऑफिसरला पाठवायचं, दिल्लीला नाही. ऑनलाइन भरलं म्हणजे काम झालं असं वाटून कागद घरीच राहतात आणि कंपनी पडताळणीच करू शकत नाही. बाँडसाठी घरातला जुना स्टॅम्प पेपर वापरू नका, गुजरातमध्ये ऑक्टोबर २०१९ पासून ई-स्टॅम्पिंगच आहे, आणि ई-स्टॅम्पवर नाव अर्जदाराचं घाला, वकिलाचं किंवा भाच्याचं नको.

मूळ मालक गेले असतील तर आधी वारसाचं काम कंपनीकडे, फॉर्म आयएसआर-५. नॉमिनी असेल तर सोपं. नसेल तर एका कंपनीत कागदी शेअरची किंमत ५ लाखांपर्यंत असेल तोवर कोर्टाच्या वारस दाखल्याशिवाय काम होऊ शकतं, पण बाकी वारसांचं ना-हरकत, प्रतिज्ञापत्र आणि बाँड लागतात. तलाठ्याचं पेढीनामं (वंशावळीचा दाखला) पुरेल का हे आरटीएला आधी विचारून घ्या, आणि अमेरिकेतल्या भावाची सही लागणार असेल तर तो पुढच्या वेळी येईल तेव्हाच सगळं उरकून घ्या. टक्केवारी मागणारा एजंट यातलं काहीही वेगळं करत नाही, हेच फॉर्म भरतो. त्याच्या हातात मूळ सर्टिफिकेट आणि कोऱ्या कागदावर सही कृपा करून देऊ नका.

एवढं करूनही उत्तर आलं नाही तर सेबीच्या स्कोअर्स या तक्रारींच्या पोर्टलवर तक्रार टाका, पण घटनेपासून एका वर्षाच्या आत. कंपनीला २१ दिवसांत उत्तर द्यावं लागतं, आणि इथेच लोक फसतात, कारण उत्तर येतं ‘कागद अपुरे आहेत’ एवढंच आणि माणूस निराश होऊन पोर्टल बंद करतो. उत्तर पटलं नाही तर १५ दिवसांत रिव्ह्यू मागायचा असतो, तो मागितला नाही तर तक्रार आपोआप बंद होते. म्हणून तक्रार टाकली की ईमेल रोज उघडा, मोबाइलवर मेसेज येईल या भरवशावर राहू नका, आणि कुठला कागद अपुरा ते रिव्ह्यूमध्ये नाव घेऊन विचारा, सोबत स्पीड पोस्टाची पावती जोडा.