ट्रिकल चार्जर घ्यायचा की मेंटेनर?

दुकानात जाऊन ‘गाडीची बॅटरी घरी चार्ज करायला काहीतरी द्या’ म्हटलं की काउंटरवर दोन डबे येतात. दोन्ही तळहाताएवढे, दोन्हींना एक लाल आणि एक काळा चिमटा, दोन्हींवर १२ व्होल्ट आणि एक-दीड अँपिअर असं छापलेलं. किंमत मात्र एकाची दुसऱ्याच्या दुप्पट-तिप्पट. विचारलं तर उत्तर मिळतं, ‘दोन्ही ट्रिकलच आहेत, कुठलाही न्या.’ प्रत्यक्षात त्यातला एक ट्रिकल चार्जर असतो आणि दुसरा मेंटेनर. चार-सहा तासांसाठी लावायचा असेल तर कुठलाही चालेल. पण लावून गावाला जायचं असेल तर पहिला बॅटरी वाळवतो आणि दुसरा तिला सांभाळतो. म्हणून हा फरक नीट समजून घेणं गरजेचं आहे.

आधी, यांची गरज मुळात का पडते ते पाहू. गाडी बंद असतानाही घड्याळ, सेंट्रल लॉक, अलार्म आणि इंजिनचा ईसीयू (इंजिन सांभाळणारा छोटा कॉम्प्युटर) मिळून साधारण २० ते ५० मिलिअँपिअर करंट घेत असतात. २० धरले तरी दिवसाला जवळपास अर्धा एएच (अँपिअर-तास, म्हणजे एक अँपिअर करंट तासभर घेतला की जेवढी वीज जाते ती) आणि महिन्याला १४-१५ एएच जातात. छोट्या पेट्रोल गाडीची बॅटरी ३५ एएचच्या आसपास असते. म्हणजे पाच आठवडे गाडी हलली नाही तर निम्मी बॅटरी उतरली. त्यात बॅटरी आपली आपणही उतरत असते, आणि उन्हाळ्यात जास्त वेगानं. तापमान १० अंशांनी वाढलं की हा वेग ढोबळमानानं दुप्पट होतो. २०२० च्या मार्चअखेर टाळेबंदी लागली आणि गाड्या दोन-दोन महिने जागच्या हलल्या नाहीत, तेव्हा सोसायट्यांच्या पार्किंगमध्ये किल्ली फिरवल्यावर नुसता ‘टक् टक्’ आवाज का येत होता, ते या हिशेबावरून कळतं.

सेल्फ लागत नाही ही अडचण त्या दिवसापुरती. खरं नुकसान आत होतं. बॅटरी उतरते तेव्हा तिच्या दोन्ही प्लेटांवर लेड सल्फेट जमतं. लगेच चार्जिंगला लावली तर ते परत विरघळून जातं. तशीच उतरलेली आठवडेच्या आठवडे पडून राहिली तर त्याचे खडे मोठे आणि कडक होतात आणि मग कितीही चार्जिंग केलं तरी तेवढा भाग कामातून गेलेला असतो. सल्फेशन म्हणतात ते हेच. जम्पर केबल लावून किंवा धक्का मारून गाडी चालू होते, पण सल्फेशननं गेलेली ताकद परत येत नाही.

आता दोन्ही डबे उघडून पाहू.

साध्या ट्रिकल चार्जरमध्ये एक छोटा ट्रान्सफॉर्मर आणि डायोड असतात, बस्स. १२ व्होल्टच्या ट्रान्सफॉर्मरमधून निघणारं व्होल्टेज शिखरावर १७ च्या जवळ जातं. डायोडमध्ये एक-दीड व्होल्ट खर्ची पडला तरी १५ च्या वर उरतंच. बॅटरी भरली की नाही हे त्याला कळण्याची सोय नाही. बॅटरी भरत जाते तसा करंट थोडा कमी होतो, पण थांबत नाही. भरलेल्या बॅटरीत जाणारा हा करंट मग पाण्याचं हायड्रोजन आणि ऑक्सिजनमध्ये विघटन करण्यात जातो. याचा हिशेब मांडता येतो: एक एएच जादा चार्जिंग झालं की प्रत्येक सेलमधलं (१२ व्होल्टच्या बॅटरीत असे सहा कप्पे असतात) साधारण एक तृतीयांश ग्रॅम पाणी जातं. अर्धा अँपिअर सतत जात राहिला तर दिवसाला १२ एएच, म्हणजे सहा सेल मिळून २४ मिलिलिटर पाणी. महिनाभरात पाऊण लिटरच्या घरात. झाकणं उघडणाऱ्या बॅटरीत डिस्टिल्ड वॉटर घालून हे काही प्रमाणात भरून काढता येईल. पण स्कूटर-मोटारसायकलच्या आजकालच्या बॅटऱ्या बहुतेक सीलबंद असतात. त्यांच्यात पाणी घालायला जागाच नाही. एकदा सुकल्या की सुकल्या.

मेंटेनरमध्ये इलेक्ट्रॉनिक सर्किट असतं आणि ते टप्प्याटप्प्यानं काम करतं. आधी ठरलेला करंट देऊन व्होल्टेज १४.४ च्या आसपास आणतं, काही वेळ तिथेच धरून करंट कमी होऊ देतं, आणि बॅटरी भरली की १३.२ ते १३.८ च्या मध्ये कुठेतरी उतरतं. हा शेवटचा टप्पा म्हणजे फ्लोट. महत्त्वाचं इथेच आहे: फ्लोटमध्ये चार्जर व्होल्टेज ठरवतो आणि किती करंट घ्यायचा ते बॅटरी ठरवते. ३५ एएचची निरोगी, भरलेली बॅटरी या व्होल्टेजला मोजके मिलिअँपिअर घेते. गाडीतल्या घड्याळ-अलार्मला लागणारा करंट चार्जर भागवतो. गच्चीवरच्या टाकीचा विचार करा. ट्रिकल म्हणजे बारीक धारेवर सोडून दिलेला नळ आणि मेंटेनर म्हणजे टाकीतला बॉलकॉक. धार कितीही बारीक असली तरी टाकी कधीतरी वाहणारच.

म्हणूनच डब्यावरचा अँपिअरचा आकडा या बाबतीत काहीच सांगत नाही. एक अँपिअरचा मेंटेनर महिनाभर लावता येतो, अर्ध्या अँपिअरचा साधा ट्रिकल नाही. डब्यावर पाहायचं ते ‘फ्लोट’, ‘मल्टिस्टेज’ किंवा ‘मेंटेनन्स मोड’ असं लिहिलंय का, आणि त्यासोबत व्होल्टेजचे आकडे दिलेत का. ‘ऑटो कट’ एवढंच लिहिलं असेल तर प्रश्न विचारा. काही स्वस्त चार्जर भरल्यावर बंद होतात आणि बंदच राहतात. काही व्होल्टेज खाली आल्यावर परत सुरू होतात. दुसऱ्या प्रकाराला मेंटेनर म्हणायला हरकत नाही. पहिल्या प्रकारानं निदान नुकसान तरी होत नाही.

घरात आधीच एखादा जुना चार्जर असेल आणि तो कुठल्या जातीचा ते कळत नसेल, तर साधा डिजिटल मल्टिमीटर पुरेसा आहे. चांगल्या, चार्ज असलेल्या बॅटरीला तो चार्जर लावा आणि दिवसभरात अधूनमधून टर्मिनलवर व्होल्टेज मोजत राहा. १४ च्या पुढे जाऊन नंतर साडेतेराच्या आसपास खाली येऊन स्थिरावलं, तर मेंटेनर. १४.५ ओलांडून १५ कडे चढतच राहिलं, बॅटरीतून बुडबुड्यांचा बारीक आवाज आणि आंबट, नाकाला झोंबणारा वास येऊ लागला, तर तो साधा ट्रिकल आहे. लगेच काढा, आणि त्याला कधीही बिनदेखरेखीचं सोडू नका.

साइजचा प्रश्न दोन्हींना लागू आहे. बॅटरीवाल्यांचा नियम सोपा: एएचच्या दहा टक्के करंट. ३५ एएचला साडेतीन अँपिअर, दुचाकीच्या ५ एएचला अर्धा. तोच एक अँपिअरचा डबा कारला फार हळू चार्ज करेल आणि छोट्या स्कूटरच्या बॅटरीला नेमाच्या दुप्पट करंट देईल. घरात दोन्ही गाड्या असतील तर दोन रेंजचा, म्हणजे बटण दाबून कमी-जास्त करता येणारा मेंटेनर घ्या. पूर्ण उतरलेली कारची बॅटरी एका अँपिअरनं भरायला दीड-दोन दिवस लागतील; त्यात चूक काही नाही, फक्त सकाळी सहाला निघायचं असेल तर आदल्या रात्री लावून भागणार नाही.

बॅटरीचा प्रकारही पाहा. एजीएम बॅटरीसाठी (हिच्यात अ‍ॅसिड काचतंतूंच्या चटईत शोषलेलं असतं) वेगळा मोड असेल तर तोच निवडा. लिथियम बॅटरीला लेड-अ‍ॅसिडचा चार्जर लावूच नका, विशेषतः ‘डीसल्फेशन’ किंवा ‘रिपेअर’ मोडवर. तिच्यासाठी स्पष्ट लिथियम लिहिलेलाच चार्जर हवा.

विदर्भ-मराठवाड्यातल्या वाचकांनी एक गोष्ट आवर्जून पाहावी. फ्लोटचे आकडे २५ अंश तापमान धरून दिलेले असतात. तापमान वाढलं की तेच व्होल्टेज बॅटरीला जड जातं. दर अंशामागे १२ व्होल्टच्या बॅटरीला सुमारे १८ मिलिव्होल्ट कमी करावे लागतात. मे महिन्यात नागपूर-चंद्रपूरकडे पत्र्याच्या शेडमध्ये ४५ अंश असेल, तर २० अंशांचे मिळून ०.३६ व्होल्ट झाले. म्हणजे १३.५ च्या जागी १३.१-१३.२ हवेत. टेम्परेचर कॉम्पेन्सेशन असलेला चार्जर हे आपोआप करतो. तुमच्याकडचा करत नसेल तर उन्हाळ्यात तो सतत न लावता आठवड्यातून एक रात्र लावा. थंड देशांत राहणाऱ्यांची अडचण उलट आहे: पूर्ण उतरलेली बॅटरी उणे दहाच्या आसपास आत गोठू शकते, आणि गोठलेल्या बॅटरीला चार्जर लावणं धोक्याचं आहे. आधी घरात आणून ती नीट वितळू द्या.

साधा चार्जर अगदीच टाकाऊ आहे का? नाही. बॅटरी पार बसली आणि दोन-चार व्होल्टवर आली की बरेच मेंटेनर तिला ओळखतच नाहीत. दिवा लागत नाही किंवा एरर दाखवतात, आणि माणूस चार्जरच खराब म्हणून परत द्यायला जातो. अशा वेळी जुना ट्रान्सफॉर्मरवाला चार्जर अर्धा-पाऊण तास, समोर उभं राहून लावला की व्होल्टेज दहाच्या वर येतं आणि मग मेंटेनर पुढचं काम करतो. बॅटरीच्या दुकानातले मोठे चार्जर अजून चालतात त्याचं एक कारण हेच. तिथे हातात हायड्रोमीटर घेऊन ग्रॅव्हिटी, म्हणजे अ‍ॅसिडची घनता, बघणारा माणूस उभा असतो. घरी तसं कोणी नसतं. म्हणून एकच घ्यायचा असेल तर मी मेंटेनरच घ्यायला सांगेन, तोही गाडीच्या एएचला साजेसा.

लावायची पद्धत दोन्हींची सारखी आहे. गाडी बंद, चार्जरचा स्विच बंद. आधी लाल चिमटा प्लसला. काळा चिमटा बॅटरीच्या मायनसला न लावता इंजिनच्या किंवा चासीच्या रंग नसलेल्या लोखंडी भागाला, बॅटरीपासून जरा लांब. याची दोन कारणं आहेत. चार्जिंगच्या वेळी निघणारा हायड्रोजन हवेत चार टक्के झाला तरी पेट घेऊ शकतो, आणि ठिणगी पडलीच तर ती बॅटरीपासून दूर पडावी. शिवाय बऱ्याच नव्या गाड्यांत मायनस टर्मिनलवर बॅटरी सेन्सर असतो. चिमटा थेट तिथे लावला तर त्याचा हिशेब चुकतो. शेवटी स्विच चालू. काढताना बरोबर उलट क्रम.

सोसायटीच्या पार्किंगमध्ये प्लग नसणं ही शहरातली सगळ्यात मोठी अडचण. तिसऱ्या मजल्यावरून वायर सोडू नका, पावसाळ्यात तर मुळीच नाही. दुचाकीची बॅटरी काढून वर आणणं सोपं: सोडताना आधी मायनस, मग प्लस; लावताना आधी प्लस. हा क्रम चुकला आणि पाना बॅटरीच्या प्लसवरून फ्रेमला टेकला तर पाना जागच्या जागी तापून लाल होऊ शकतो. वर आणल्यावर ती गॅलरीत, वारा लागेल अशी ठेवा. स्वयंपाकघरात गॅसजवळ नको, देवघरातल्या दिव्याजवळ तर नकोच.

चार्जिंग झाल्यावर चिमटे काढून बॅटरी एक रात्र तशीच राहू द्या आणि सकाळी मोजा. १२.६ किंवा वर दाखवलं तर बॅटरी भरलेली आहे. गाडीपासून सोडवलेली असूनही रात्रभरात ती १२.४ च्या खाली घसरली, आणि परत चार्ज केल्यावर पुन्हा तेच झालं, तर तिची वेळ संपली. कुठलाही चार्जर तिला सुधारणार नाही. नवी घेताना जुनी दुकानात जमा करा. जुन्या बॅटरीचे पैसे बिलातून वजा होतात, आणि बॅटरी कचऱ्याच्या २०२२ च्या नियमांनुसार ती परत गोळा करून रिसायकलिंगला पाठवण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे. दारावर येणाऱ्या भंगारवाल्याला देऊ नका. तो ती फोडतो तेव्हा अ‍ॅसिड गटारात आणि शिशाची भुकटी वस्तीत जाते.