संमोहन उपचारांची पात्रता : एका पत्राने उघडे ठेवलेले दार

परीक्षांचा हंगाम जवळ आला की नाशिकमध्ये एकाग्रतेसाठी संमोहनाच्या कार्यशाळांच्या जाहिराती दिसू लागतात. त्यांतल्या काही पुढे ‘संमोहन उपचारतज्ज्ञ व्हा’ असेही आवाहन करतात. अशा कार्यशाळेतून मिळालेल्या प्रमाणपत्राच्या बळावर रुग्ण तपासता येतात का, हा प्रश्न त्यामुळे वारंवार विचारला जातो.

भारतात या विषयाची सुरुवात वैद्यकातच झाली. १८४५ मध्ये हुगळी येथे एका स्कॉटिश शल्यचिकित्सकाने रुग्णांना मोहनिद्रेत नेऊन शस्त्रक्रिया करण्यास आरंभ केला. दोनच वर्षांनी क्लोरोफॉर्म आल्यावर तो प्रयोग मागे पडला. पुढे १९५५ मध्ये ब्रिटनमधील आणि १९५८ मध्ये अमेरिकेतील डॉक्टरांच्या संघटनांनी संमोहनाची उपयुक्तता मान्य केली, तीही प्रशिक्षित डॉक्टरांच्या हातातील साधन म्हणून. आपल्याकडे मात्र सर्वसामान्यांना संमोहन भेटले ते प्रामुख्याने नाट्यगृहातील प्रयोगांतून, आणि रंगमंचावर खुर्चीत झोपणाऱ्या प्रेक्षकाची ती प्रतिमा अजून पुसलेली नाही.

आजचा सगळा घोळ केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने राज्यांना पाठवलेल्या २५ नोव्हेंबर २००३ च्या एका पत्रातून आला आहे. पर्यायी उपचारपद्धतींचे नियमन करण्याबाबत दिल्ली उच्च न्यायालयाने १९९८ मध्ये दिलेल्या आदेशानंतर केंद्र सरकारने तज्ज्ञांची समिती नेमली. रेकी, चुंबक चिकित्सा, रत्न चिकित्सा, इलेक्ट्रोपॅथी अशा अनेक पद्धतींना मान्यता देण्यास समितीने नकार दिला. अ‍ॅक्युपंक्चर आणि संमोहन उपचार यांना तिने स्वतंत्र वैद्यकपद्धती मानले नाही, पण उपचाराचा एक प्रकार म्हणून नोंदणीकृत व्यावसायिकांनी किंवा ‘योग्य प्रशिक्षण घेतलेल्या’ व्यक्तींनी ते वापरावेत, अशी मुभा दिली. हेच त्या पत्राने राज्यांना कळवले. हे ‘योग्य प्रशिक्षण’ किती तासांचे, कोणत्या अभ्यासक्रमाचे, त्याची परीक्षा कोण घेणार आणि नोंद कोण ठेवणार, याबद्दल पत्र गप्प आहे. त्याच पत्राने शिफारस न झालेल्या पद्धतींच्या पदव्या व पदविका देण्यास प्रतिबंध करावा आणि ‘डॉक्टर’ ही उपाधी मान्यताप्राप्त पद्धतींच्या व्यावसायिकांपुरतीच ठेवावी, असे राज्यांना कळवले होते. प्रशिक्षण संस्थांच्या माहितीपत्रकांत मुभा देणारे पहिले वाक्य ठळक अक्षरांत छापले जाते. प्रतिबंधाचे दुसरे सहसा सापडत नाही. दोन दिवसांचे शिबिर आणि वर्षभराचा अभ्यासक्रम या दोहोंच्या शेवटी मिळणारा कागद त्यामुळे दिसायला सारखाच असतो. त्यावरील ‘शासनमान्य नोंदणी क्रमांक’ बहुधा संस्थेच्या धर्मादाय कार्यालयातील नोंदणीचा असतो. संस्था कायदेशीर आहे एवढेच त्यातून सिद्ध होते, प्रशिक्षणाच्या दर्जाशी त्याचा काडीचाही संबंध नसतो.

त्या पत्रातील जोडीदाराचे पुढे काय झाले, हेही पाहण्याजोगे आहे. अ‍ॅक्युपंक्चरसाठी महाराष्ट्राने स्वतंत्र कायदा करून परिषद स्थापन केली आणि २०१९ मध्ये केंद्रानेही त्याला स्वतंत्र उपचारपद्धतीचा दर्जा दिला. संमोहन होते तिथेच राहिले. त्याच्यामागे उभी राहील अशी एकमुखी व्यावसायिक संघटना नसणे, हे एक कारण असावे.

नंतरच्या कायद्यांनी हे दार थेट बंद केले नाही, पण त्याभोवती कुंपण घातले. १९९२ च्या भारतीय पुनर्वास परिषद कायद्याने चिकित्सा मानसशास्त्रज्ञांची नोंदणी सुरू झालीच होती आणि एम.फिल. ही त्यांची रूढ पात्रता ठरली होती. मे २०१८ पासून लागू झालेल्या मानसिक आरोग्य कायद्याने मानसिक आरोग्य व्यावसायिक कोणाला म्हणावे, हे स्पष्ट केले. त्या व्याख्येत मनोविकारतज्ज्ञ, चिकित्सा मानसशास्त्रज्ञ, मनोविकार परिचारिका आणि मनोविकार समाजकार्यकर्ते आहेत, केवळ संमोहनाचे प्रमाणपत्र घेतलेली व्यक्ती नाही. नैराश्य किंवा भीतीचे झटके यांवर उपचार करण्याचा दावा करणाऱ्याला म्हणूनच आधी या मूळ पात्रतेचा विचार करावा लागतो. संमोहनाचे कौशल्य त्यावर चढवायचे असते. २०२१ च्या संलग्न आरोग्य व्यावसायिकांच्या कायद्याने मानसशास्त्रज्ञ आणि समुपदेशकांनाही नियमनाच्या कक्षेत आणले आहे. त्याच्या परिशिष्टात संमोहन उपचारक हा स्वतंत्र व्यवसाय म्हणून नोंदवलेला नाही.