रक्तातल्या एन्झाइमची टेस्ट आली कुठून?

आपल्याकडे रत्नागिरी-सिंधुदुर्गात पोराचे सांधे आखडायला लागले, पोट पुढे आलं, पाठीला पोक दिसायला लागलं की देवाला गाऱ्हाणं, मग हाडांचे डॉक्टर असं करत करत खूप उशिरा माणसं मुंबईला केईएमला पोचतात आणि तिथे कळतं की आधी रक्तातली एन्झाइमची (शरीरातल्या रासायनिक क्रिया घडवणाऱ्या प्रोटीनची) ॲक्टिव्हिटी, म्हणजे ते किती काम करतंय, बघायची.

ही टेस्ट यायला अर्धं शतक गेलं. १९१७ साली कॅनडात चार्ल्स हंटर यांनी असे दोन भाऊ नोंदवले, १९१९ ला जर्मनीत गर्ट्रूड हर्लर यांनी तशीच मुलं दाखवली, या दोघांच्याच नावाने हंटर आणि हर्लर हे आजार ओळखले जातात, पण तेव्हा कारण कुणालाच माहीत नव्हतं. १९५६ मध्ये अमेरिकेत व्हिक्टर मॅकक्युसिक यांनी मार्फान, एहलर्स-डॅनलॉस, हर्लर हे सगळे कनेक्टिव्ह टिश्यूचे (शरीराचे भाग जोडून धरणाऱ्या ऊतींचे) आनुवंशिक आजार म्हणून एकत्र मांडले. खरं वळण १९६८ चं. एलिझाबेथ न्यूफेल्ड यांच्या लॅबमध्ये हर्लर आणि हंटर पेशंटच्या त्वचेच्या पेशी एकत्र वाढवल्या तर दोन्हींचा बिघाड सुधारला, म्हणजे एकीत जे नाही ते दुसरीकडून मिळत होतं! मला हा प्रयोग फार मोठा वाटतो, कारण त्यातूनच पुढे कुठलं एन्झाइम कमी आहे हे सापडत गेलं आणि ते रक्तातल्या पांढऱ्या पेशींमध्ये मोजता यायला लागलं.

पण मार्फानमध्ये एन्झाइमचा प्रश्नच नाही, तिथे फायब्रिलिन नावाचं प्रोटीन बिघडलेलं असतं, त्याचं जीन १९९१ मध्ये सापडलं. एहलर्स-डॅनलॉसच्या बहुतेक प्रकारांतही ही टेस्ट नॉर्मलच येते, म्हणून नॉर्मल रिपोर्ट बघून आजारच नाही असं धरून बसू नका प्लीज.

हर्लरमध्ये आई आणि बाप दोघंही वाहक (स्वतः आजारी नसून बिघडलेलं जीन बाळगणारे) असावे लागतात, त्यामुळे मामाच्या मुलीशी लग्न झालेल्या घरांत ही शक्यता वाढते, यात कुणाचा दोष नाही पण पुढच्या बाळाच्या आधी सल्ला घ्यायलाच हवा.

आता कागदावर वाळवलेल्या रक्ताच्या थेंबातूनही ही तपासणी होते, गावाहून सॅम्पल पाठवायला सोयीचं, पण कोकणातल्या पावसात दमट हवेने एन्झाइम खराब होतं, कार्ड नीट वाळवून बंद पिशवीतच पाठवावं लागतं. म्हणूनच लॅबवाले त्याच रक्तात दुसरं एखादं एन्झाइमही मोजतात, तेही कमी आलं तर सॅम्पल वाटेत बिघडलं असं समजून परत मागवतात.