पिस्टन गोल नसतो, ब्लॉक मात्र गोलच हवा

कात्रजच्या घाटात गाडी दुसऱ्या गिअरमध्ये ओढायला लागली की आरशात निळसर धूर दिसायचा. मेकॅनिक म्हणाला, "दादा, इंजिन ऑइल खातंय. मोजत काय बसता, सरळ ब्लॉक-पिस्टनचं किट टाकू." मला ते पटेना. ब्लॉक म्हणजे इंजिनातली जाड नळी आणि पिस्टन म्हणजे तिच्यात वर-खाली धावणारा दट्ट्या, या दोन्ही वस्तू स्कूटरच्या डिकीत घालून मी नाना पेठेत एका लेथवर गेलो. तिथल्या काकांनी त्या हातात घेतल्या आणि पंख्याखाली ठेवून दिल्या. "अर्धा तास थांबा. निवू द्या."

मे महिन्याची दुपार होती. अ‍ॅल्युमिनियम तापलं की ओतीव लोखंडाच्या जवळपास दुप्पट फुगतं. ५० मिलिमीटरचा पिस्टन नुसता २० अंशांनी तापला तरी त्याचा व्यास सुमारे ०.०२ मिमीने वाढतो. आता हे एवढंसं वाटेल, पण अशा छोट्या इंजिनात नवा पिस्टन आणि ब्लॉक यांच्यातली फटच साधारण ०.०३ ते ०.०५ मिमी असते, म्हणजे डोक्याच्या केसापेक्षाही बारीक. उन्हातून आणलेला पिस्टन लगेच मोजला तर निम्मी झीज आकड्यातून गायब होईल.

मग मायक्रोमीटर निघाला. काकांनी पिस्टन वरच्या टोकाला धरला नाही. खालच्या स्कर्टवर, म्हणजे खालच्या घेरावर, कडेपासून सेंटीमीटरभर वर आणि गजन पिनला (पिस्टनला कनेक्टिंग रॉडशी म्हणजे दांड्याशी जोडणाऱ्या आडव्या पिनेला) काटकोनात धरला. कारण पिस्टन मुळात गोल नसतोच. माथ्यावर स्फोटाची आग झेलायची, म्हणून तो वरच्या बाजूला निमुळता करतात. पिनच्या दिशेला धातू जाड, तिकडे तो जास्त फुगणार, म्हणून त्या दिशेला मुद्दाम कमी ठेवतात. थंड असताना अंडाकृती असलेला हा तुकडा इंजिन तापल्यावर ब्लॉकमध्ये नीट बसणाऱ्या आकारात येतो. मला यांत्रिकीतली ही सगळ्यात देखणी युक्ती वाटते. चुकीच्या जागी मोजलं, तर नवाकोरा पिस्टनही झिजलेला ठरेल.

ब्लॉकचं उलटं. तो गोल आणि सरळच हवा. आतला व्यास मोजणारं बोअर डायल गेज आत सोडून वर, मध्ये, खाली अशा तीन उंचींवर आणि प्रत्येक उंचीला दोन दिशांनी माप घेतलं. मूळ माप ५०.०० मिमी. तळाशी दोन्हीकडून ५०.०२ आलं. वर मात्र पुढून-मागे ५०.११ आणि डावी-उजवीकडे ५०.०६.

या आकड्यांमध्ये इंजिनाचा सगळा इतिहास आहे. पावसात भरधाव गाडीचं टायर पाण्यावर तरंगतं, थांबलं की पाणी दाबून बाहेर काढतं. पिस्टनभोवतीच्या रिंगांचंही (कड्यांचंही) तसंच. पिस्टन धावत असतो तोवर रिंगा ऑइलच्या पापुद्र्यावर घसरतात. सगळ्यात वर पोहोचून तो क्षणभर थांबतो, तिथे पापुद्रा फाटतो. ६००० आरपीएमला असं सेकंदाला १०० वेळा होतं. नेमका त्याच जागी स्फोटाचा दाब रिंगांच्या मागे शिरून त्यांना भिंतीवर रेटतो, उष्णताही तिथेच सर्वाधिक. म्हणून झीज वर जास्त. पुढे-मागे जास्त, कारण खाली येताना कनेक्टिंग रॉड तिरपा असतो आणि पिस्टनला त्याच बाजूंच्या भिंतींवर ढकलतो. त्यात एअर फिल्टर फाटका असेल तर धुळीतली वाळू पॉलिश पेपरचं काम करते. माझा फाटकाच निघाला.

डायल गेज नसलं तरी अंदाज घेता येतो. एक रिंग ब्लॉकमध्ये घाला, पिस्टनच्या माथ्याने ढकलून सरळ करा आणि तिच्या दोन टोकांमधली फट फिलर गेजने (ठरावीक जाडीच्या पातळ पट्ट्यांनी) मोजा. माझ्या ब्लॉकमध्ये तळाशी ०.३० आणि वर ०.५० मिमी आली. व्यास वाढला की परीघ त्याच्या ३.१४ पट वाढतो आणि ती सगळी वाढ त्या एका फटीत उतरते. फरक ०.२० मिमी, भागिले ३.१४, म्हणजे व्यासात सुमारे ०.०६ मिमी. डायल गेजच्या वरच्या दोन मापांची सरासरी काढून तिच्यातून तळाचं माप वजा करून बघा, जवळपास तेवढंच येतं! शाळेतल्या गणितातला पाय (π) असा हातात आलेला पाहून मला फार आनंद झाला.

ब्लॉक टाकून द्यायची गरज नव्हती. भिंतीवर निकेल आणि सिलिकॉन कार्बाइडचा मुलामा असलेले ब्लॉक असे बोअर करता, म्हणजे आतून कापून मोठे करता, येत नाहीत, माझा मात्र साध्या ओतीव लोखंडाचा होता. काकांनी आधी ०.२५ ओव्हरसाइज, म्हणजे ०.२५ मिमी मोठ्या बोअरसाठीचा, पिस्टन आणायला लावला. तो मोजला, ५०.२१ भरला. तो आकडा खडूने ब्लॉकवर लिहिला आणि मगच ५०.२५ चं बोअर मारायला घेतलं. शेवटी होनिंग करून भिंतीवर एकमेकींना छेदणाऱ्या बारीक तिरप्या रेघा ओढल्या. गुळगुळीत भिंतीवर ऑइल टिकत नाही, या रेघांमध्ये ते साठून राहतं. ब्लॉक उजेडाकडे धरला तेव्हा आत त्या रेघांची जाळी चमकत होती.