स्कूल सायकॉलॉजिस्ट आणि स्कूल काउन्सेलर : अमेरिकेतल्या दोन वेगळ्या वाटा

मानसशास्त्रात पदवी घेऊन अमेरिकेतल्या शाळांत काम करू पाहणारे बरेच जण पहिल्याच पायरीवर अडखळतात. मराठीत आपण स्कूल सायकॉलॉजिस्ट आणि स्कूल काउन्सेलर या दोघांनाही ‘समुपदेशक’ म्हणतो, आणि माहितीपत्रकं पाहिली तर दोन्हीकडे ६० क्रेडिट (अभ्यासक्रमाचा भार मोजायचं एकक) दिसतात. स्कूल सायकॉलॉजिस्टसाठी नॅस्प या राष्ट्रीय संघटनेची ती किमान अट आहे. कॅक्रेप या काउन्सेलिंगच्या अभ्यासक्रमांना मान्यता देणाऱ्या संस्थेची मान्यता असलेल्या स्कूल काउन्सेलिंगच्या अभ्यासक्रमांनाही तेवढीच लागतात. म्हणून क्रेडिट मोजू नका, विषयांची यादी वाचा.

सायकॉलॉजिस्टच्या यादीत निम्मा जीव चाचण्यांत असतो. तिसरीतलं एक मूल अडखळत वाचतंय. त्याला अक्षर आणि ध्वनी यांची सांगड घालता येत नाही, की लक्ष टिकत नाही, की घरी इंग्रजी नसल्यामुळे भाषाच नवी आहे? वरून तिन्ही सारखंच दिसतं. ते वेगळं ओळखायला बुद्धिमापन, वाचन-गणिताच्या चाचण्या, वर्तनाचं निरीक्षण आणि संख्याशास्त्र शिकावं लागतं. वेक्सलरची मुलांसाठीची बुद्धिमापन चाचणी सूचनांतला एक शब्दही न बदलता घ्यायची, वेळ घड्याळ लावून मोजायची, गुणांकन पुन्हा तपासायचं. सरासरी १०० आणि प्रमाण विचलन (गुण सरासरीभोवती किती पसरलेत याचं माप) १५ असलेल्या मापावर ८५ म्हणजे नेमकं काय, हे आईवडिलांना न घाबरवता सांगायचं. मला विचाराल तर हे शेवटचं कौशल्य सगळ्यात अवघड आहे, आणि अहवाल पुन्हा पुन्हा लिहूनच ते येतं.

एवढा काटेकोरपणा कशासाठी? त्यामागे कायदा आहे. १९७५च्या कायद्याने अपंगत्व असलेल्या मुलांना सरकारी शाळेत योग्य शिक्षणाचा हक्क दिला. आज तो कायदा ‘आयडिया’ या नावाने ओळखला जातो. विशेष शिक्षण सुरू करण्याआधी मुलाचं सर्वंकष मूल्यमापन करावंच लागतं, आणि राज्याची वेगळी मुदत नसेल तर पालकांच्या संमतीपासून ६० दिवसांत. त्या अहवालावर एका मुलाची पुढची काही वर्षं ठरतात. अर्थात नुसत्या चाचण्या म्हणजे स्कूल सायकॉलॉजी नव्हे. शिक्षकांशी सल्लामसलत, उपाययोजना आणि संकटकाळातली मदत हेही शिकवतात.

काउन्सेलरच्या अभ्यासक्रमाचा भर वेगळा आहे : समुपदेशनाचे सिद्धान्त, गटसमुपदेशन, करिअर मार्गदर्शन, वर्गात घ्यायचे पाठ, पुढच्या शिक्षणाची आखणी. काउन्सेलरला शाळेतल्या सगळ्याच मुलांपर्यंत पोचायचं असतं. ॲस्का ही त्यांची संघटना २५० मुलांमागे एक काउन्सेलर असावा म्हणते. नॅस्प ५०० मुलांमागे एक सायकॉलॉजिस्ट सुचवते.

प्रत्यक्ष कामाच्या तासांत तफावत ठळक होते. काउन्सेलरला कॅक्रेपनुसार १०० तासांचं प्रॅक्टिकम (इंटर्नशिपआधीचा देखरेखीखालचा सराव) आणि ६०० तासांची इंटर्नशिप. सायकॉलॉजिस्टला प्रॅक्टिकमनंतर १,२०० तासांची इंटर्नशिप, त्यातले निदान ६०० शाळेतच. म्हणून काउन्सेलर मास्टर्सवर थांबतो, तर सायकॉलॉजिस्टला तीन वर्षं पूर्णवेळ शिकून ‘स्पेशालिस्ट’ पातळी गाठावी लागते. बहुतेक ठिकाणी तिला एड.एस. (एज्युकेशन स्पेशालिस्ट) म्हणतात. पीएच.डी. लागेलच असं नाही, पण शाळेबाहेर स्वतंत्र सायकॉलॉजिस्ट म्हणून परवाना हवा असेल तर साधारणपणे डॉक्टरेट मागतात.

एक पदवी घेऊन नंतर दुसरीकडे सहज वळता येईल, या भरवशावर राहू नका. काउन्सेलिंग शिकलेल्याला चाचण्यांचे विषय आणि ती लांब इंटर्नशिप तरीही करावीच लागते.

प्रवेशाआधी विभागाला दोन गोष्टी नक्की विचारा. विद्यार्थी पदवी मिळेपर्यंत देखरेखीखाली किती पूर्ण मूल्यमापनं करतो? आणि अभ्यासक्रमाला नॅस्पची मान्यता आहे का? ती असेल तर प्रॅक्सिस परीक्षेनंतर एनसीएसपी हे राष्ट्रीय प्रमाणपत्र मिळवणं सोपं जातं. नसेल तर आपण काय काय शिकलो, ते कागदपत्रांनिशी स्वतः सिद्ध करावं लागतं.