तर्री-पोह्यांच्या वाटेवर टायर का सटकतो

डिसेंबर लागला की एक मेसेज फिरत फिरत येतोच: 'पारा १० अंशांखाली गेला की टायरचा दगड होतो, सकाळी गाडी काढू नका.' यंदा तो मला भाच्याने पाठवला, गुडघा सोलून घरी परतल्यावर. सकाळी साडेसहाला पोरं तर्री-पोहे खायला निघाली होती, नागपुरातल्या फुटाळा तलावाच्या वळणावर याच्या गाडीचं मागचं चाक सटकलं. "मामा, थंडीनं टायर कडक झाला होता," हे त्याचं निदान.

दगड वगैरे काही होत नाही. नैसर्गिक रबर काचेसारखं ठिसूळ व्हायला उणे ७० अंशांच्या आसपास जावं लागतं. टायरमध्ये मिसळलेली कृत्रिम रबरं त्याच्या थोडी अलीकडे-पलीकडे, पण शून्याच्या बरीच खाली. २९ डिसेंबर २०१८ ला नागपुरात पारा ३.५ अंशांवर उतरला होता, तेव्हाही शहरातल्या एकाही टायरची काच झाली नव्हती. पण मेसेज पूर्ण खोटाही नाही, आणि त्यातला खरा भाग मला फार आवडतो.

शाळेत शिकलो की घर्षण फक्त भारावर अवलंबून असतं, स्पर्शाच्या क्षेत्रफळावर नाही. लाकडाच्या ठोकळ्याला हे लागू पडतं, रबर मात्र हा नियम पाळत नाही. रबर रस्त्याला दोन तऱ्हेने धरतं. एक म्हणजे त्याचे रेणू गिट्टीच्या पृष्ठभागाला क्षणभर चिकटतात, ताणले जातात, सुटतात, पुन्हा चिकटतात. दुसरं म्हणजे गिट्टीचं टोक रबरात रुततं, पुढे सरकतं आणि मागचा खड्डा भरून यायला रबर थोडा उशीर करतं. दाबताना घेतलेली ऊर्जा ते पूर्ण परत करत नाही, मधल्यामध्ये थोडी खातं आणि तिची उष्णता करतं. हे खाणं म्हणजेच पकड. घेतलेलं सगळं परत करणारं रबर उसळत्या चेंडूला उत्तम, टायरला नाही.

उशीर का होतो? रबराचे रेणू म्हणजे वाटीतल्या शेवयांसारखा लांबलचक गुंता. एकमेकांवरून सरकायला त्यांना वेळ लागतो. ऊब असेल तर कमी, गारवा असेल तर जास्त. आता रस्त्याच्या बाजूने बघा. घसरणारं रबर सेकंदाला १ मीटर सरकत असेल आणि खडीची टोकं १ मिलिमीटर अंतरावर असतील, तर रबराला सेकंदाला १,००० ठोके बसतात. त्याच खडीवरचा बारीक खरखरीतपणा ०.०१ मिलिमीटरचा धरला, तर ठोके १ लाख. एवढ्या वेळात शेवया हलल्याच नाहीत तर त्या ठोक्यापुरतं रबर ताठ, मग तुमच्या अंगठ्याला ते कितीही मऊ लागो. म्हणजे गारवा आणि घाई, रबराच्या लेखी दोन्ही एकच! काचावस्थेच्या, म्हणजे रबर काचेसारखं होतं त्या तापमानाच्या, जवळपास ठोक्यांचा वेग दहापट करणं हे तापमान ७-८ अंशांनी उतरवण्यासारखं असतं. तिथून वर गेलं की हा हिशेब सौम्य होत जातो.

ग्रॉश नावाच्या संशोधकाने १९६३ साली हे नेटकं दाखवलं. वेगवेगळ्या तापमानांना, अगदी धिम्या गतीने (घर्षणाने रबर स्वतःच तापू नये म्हणून) त्याने रबराचे तुकडे काचेवरून आणि खरखरीत पृष्ठभागावरून ओढले. तापमान आणि वेग यांची ही अदलाबदल करून घर्षणाचे आलेख सरकवले, तर सगळे एकाच वक्रावर येऊन बसले. खरखरीत पृष्ठभागाच्या वक्राला दोन उंचवटे होते, एक चिकटण्याचा, दुसरा रुतण्याचा. मग त्याने त्या पृष्ठभागावर बारीक पूड भुरभुरली, आणि चिकटण्याचा उंचवटा गायबच झाला.

आता फुटाळ्याचा रस्ता आठवा. रात्रभर बसलेली धूळ, वर पहाटेचं दव. चिकटण्याची वाट तिथेच बंद. त्यात भाच्याने हौसेने मऊ, 'स्पोर्टी' टायर बसवलेला. अशी रबरं तापल्यावर छान धरतात, पण काचावस्था थोडी वर असल्यामुळे गारठ्यात आधी ताठरतात. शर्यतीच्या टायरांना विजेची पांघरुणं घालून ८०-९० अंशांपर्यंत तापवतात ते उगीच नाही. घरापासून फुटाळा दोन किलोमीटर, तेवढ्यात टायर काय तापणार? शिवाय गारठलेली बोटं ब्रेक हळूच दाबत नाहीत, करकचून दाबतात.

हवेचं वेगळंच. मे महिन्यात ४० अंशांना २९ पीएसआय भरलेली हवा, जराही गळती नसताना, जानेवारीतल्या १० अंशांना २५ च्या आसपास येते. त्यावर हमखास सल्ला मिळतो, नायट्रोजन भरा. साध्या हवेत ७८ टक्के नायट्रोजनच असतो, आणि थंडीने तोही तितकाच आकसतो.

संध्याकाळी भाच्याला घेऊन हवा तपासायला गेलो. मागच्या चाकात २१ निघाली. हवा भरणारा पोरगा म्हणाला, "भाऊ, थंडीत तं हवा कमीच ठेवतेत ना? पकड येते म्हन्तेत." कमी हवेने टायर जास्त टेकतो, लवकर तापतो, हे खरंच. पण त्याच्या बगला लचकतात आणि वळणावर गाडी डुलते. गाडीवरच्या पट्टीवर लिहिलेला आकडा गार टायरसाठीच असतो, एवढं सांगून २९ भरायला लावली. भाचा तोवर मोबाइलवर मागचं चाक सटकल्याचा व्हिडिओ त्याला दाखवत होता.